पलंगाखाली लपायचं नाही गं बाई

भांडुपला बहिणीकडे गेले होते, तिच्या पाच वर्षांच्या मुलीला सहज विचारलं की घरात आग लागली तर तू काय करशील, तर पटकन म्हणाली, "मावशी, मी पलंगाखाली लपून बसेन!" आम्ही हसलो, पण नंतर पोटात गोळाच आला. कारण लहान मुलं खरंच असंच करतात, घाबरली की पलंगाखाली, कपाटात, पडद्यामागे जातात आणि मग धुरात ती पटकन सापडत नाहीत. आणि आपण त्यांना शिकवतो काय, तर "गॅसला हात लावू नकोस." बस्स. आग लागल्यावर काय करायचं हे कोणी सांगतच नाही.

मग मी एक अगरबत्ती लावली, पंखा बंद केला आणि तिला म्हटलं बघ धूर कुठे जातोय. वर! गरम हवा पसरते, हलकी होते, म्हणून वर जाते आणि धुराला सोबत नेते. खोलीत आग लागली की धूर आधी छताखाली साचतो आणि मग तो थर हळूहळू खाली येतो, म्हणजे जमिनीजवळ थोडा वेळ तरी बरी हवा असते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून बरेचदा माणूस भाजण्याआधी धुरानेच बेशुद्ध होतो. हे सगळं तिला नाही सांगितलं अर्थात. तिला एवढंच, की धूर वर, आपण खाली, रांगत दाराकडे.

मग दोघींनी चादर आडवी धरली, कमरेच्या खाली, आणि म्हटलं हा धूर, याला डोकं न लावता बाहेर जा. सात-आठ वेळा केलं तिने, थांबेचना.

कपडे पेटले तर पळायचं नाही, कारण पळालं की ज्वाळेला आणखी हवा मिळते आणि उभं राहिलं की ज्वाळा वरच जाते, म्हणजे थेट तोंडाकडे. थांब, झोप, लोळ. हे तर तिला खेळच वाटला. भाजलं तर नळाचं साधं पाणी 20 मिनिटं, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही (नळाला पाणी नसेल तर बादलीतून तांब्याने ओता, आपल्याकडच्या पाण्याच्या वेळा माहीतच आहेत).

एक गोष्ट मात्र उलटी आहे आणि ती मोठ्यांनाही सांगावी लागते. 14.2 किलोच्या सिलेंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, तो हवेपेक्षा जड, म्हणून गळला की खाली लादीवर साचतो. पाइपवाला गॅस मुख्यतः मिथेन, तो हलका, तो वर जातो. दोन्हींना स्वतःचा वास नसतो, तो कुजका वास मुद्दाम मिसळलेला असतो. वास आला की मुलांनी बटणाला हात न लावता मोठ्यांना हाक मारायची, कारण बटण चालू करताना काय किंवा बंद करताना काय, बारीकशी ठिणगी उडू शकते.

अजून एक, अग्निशमन दलाच्या जवानाचा मास्क घातलेला फोटो मुलांना आधीच दाखवा. तो चेहरा आणि तो फुस्सफुस्स श्वासाचा आवाज, मोठी माणसंही दचकतील, आणि मूल त्यालाच घाबरून आणखी आत जाऊन बसतं. 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो, 1944 मध्ये त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना 66 जवान गेले. फोटो दाखवायला तो आठवडा बरा.

बाहेरच्या जिन्यातच धूर असेल तर मात्र दार उघडायचं नाही, ते लावून खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचा, खिडकीतून हाका मारायच्या आणि मोठ्यांनी 101 ला फोन. लिफ्ट तर नाहीच नाही.

शेवटी तिला डोळे मिटून रांगायला लावलं, कारण धुरात दिसत नाही. तर पोरगी सरळ जाऊन दारातल्या चपलांच्या रॅकवर आदळली. रॅक त्या दिवसापासून कुठे ठेवायचा यावर बहिणीचं आणि जिजूंचं अजून भांडण चालू आहे.