सीपीयू निवांत पण साइट लटकलेली, हे लिमिट आले कुठून?

लोड वाढला की साइट लटकते, टॉप (सीपीयू, मेमरीचा वापर दाखवणारी कमांड) लावून बघावं तर सीपीयू निवांत, मेमरीपण शिल्लक, मग लोक सरळ मोठं मशीन घेतात आणि तरी ढिम्म फरक पडत नाही. बऱ्याचदा अडलेलं असतं कनेक्शनच्या लिमिटवर, आणि ही लिमिट जुन्या काळातली आहेत.

१९९५ ला अपाची हा वेब सर्व्हर आला तेव्हाचा हिशोब साधा, एका कनेक्शनला एक प्रोसेस. १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने कनेक्शन उघडं ठेवणं डिफॉल्ट केलं, ब्राउझरची सोय झाली पण सर्व्हरवर नुसत्या बसून राहिलेल्या प्रोसेसची गर्दी. १९९९ मध्ये डॅन केगलने 'सी१०के' प्रॉब्लेम मांडला, म्हणजे हार्डवेअरला झेपतंय तर एका मशीनवर १०,००० क्लायंट का नकोत? कोणत्या कनेक्शनवर हालचाल आहे हे ऑपरेटिंग सिस्टिमला विचारणाऱ्या तेव्हाच्या सिलेक्ट कॉलला साधारण १०२४ ची मर्यादा, वर दरवेळी सगळी यादी तपासत बसायचं. २००० ला फ्रीबीएसडीत केक्यू आलं, लिनक्सच्या २.६ मध्ये ईपोल, ही दोन्ही फक्त हालचाल असलेलीच कनेक्शन सांगतात, आणि २००४ ला इगोर सिसोयेव्हने एंजिनएक्स हा वेब सर्व्हर सगळ्यांसाठी खुला केला, मोजक्याच वर्कर प्रोसेस आणि प्रत्येकाकडे हजारो कनेक्शन.

आर्किटेक्चर बदललं, डिफॉल्ट मात्र तिथेच. एका प्रोसेसला किती फाइल उघडता येतात (प्रत्येक कनेक्शनही त्यातच मोजलं जातं) याचं सॉफ्ट लिमिट, म्हणजे वाढवता येणारं डिफॉल्ट, अजून बऱ्याच ठिकाणी १०२४ च असतं. सोमॅक्सकॉन, म्हणजे ॲप्लिकेशनने अजून न उचललेल्या कनेक्शनच्या रांगेची कमाल लांबी, लिनक्समध्ये २०१९ च्या ५.४ कर्नलपर्यंत (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) १२८ होती, मग ४०९६ झाली. पण गंमत अशी की लिनक्सवर एंजिनएक्स स्वतःच ५११ ची रांग मागतो, आणि दोन्हीत जो आकडा लहान तोच चालतो, त्यामुळे नुसतं कर्नलचं सेटिंग वाढवून काही होत नाही. रांग भरली की कर्नल नवीन विनंती गुपचूप टाकून देतो, क्लायंट सेकंदाने परत प्रयत्न करतो, मग आणखी दोनेक सेकंदांनी, म्हणून काही रिक्वेस्ट बरोबर १ किंवा ३ सेकंद उशिरा दिसल्या तर आधी एसएस कमांडने लिसन सॉकेटची, म्हणजे नवीन कनेक्शन जिथे येतात तिथली, रांग बघा, कोडमध्ये नंतर शिरा.

टाइम-वेटचं, म्हणजे बंद झालेलं कनेक्शन थोडा वेळ नोंदीत राहतं त्याचं, वेगळंच. या नोंदी लवकर मोकळ्या करणारं टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल हे कर्नलचं सेटिंग चालू करा हा सल्ला वर्षानुवर्षं फिरला, त्याने एकाच नॅटमागच्या, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी पत्ता वापरणाऱ्या, लोकांची कनेक्शन तुटायची, कोणाची चालायची कोणाची नाही, शोधायला महाकठीण. २०१७ ला ४.१२ मधून ते काढूनच टाकलं. जुन्या ट्यूनिंगच्या याद्यांत ती ओळ अजून सापडते, नव्या कर्नलवर टाकली की असं सेटिंगच नाही म्हणून एरर येते.