अमिश मुलांना शाळा माफ? तसं नाही

अमेरिकेतल्या अमिश लोकांबद्दल (साधी, जुन्या वळणाची राहणी जपणारा ख्रिस्ती पंथ) एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: धर्माचं कारण सांगून त्यांनी कोर्टाकडून मुलांची शाळाच माफ करून घेतली. हे अर्धवट आहे, आणि उरलेला अर्धाच भाग महत्त्वाचा.

विस्कॉन्सिन राज्यात मुलांना 16 वर्षांपर्यंत शाळेत पाठवणं सक्तीचं होतं. न्यू ग्लारस भागातल्या तीन पालकांनी आठवीनंतर मुलांना हायस्कूलला पाठवलं नाही. दंड झाला प्रत्येकी 5 डॉलर. एवढ्याशा रकमेसाठी प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं, कारण प्रश्न पैशांचा नव्हताच, धर्मस्वातंत्र्याचा होता.

15 मे 1972 रोजी ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ खटल्याचा निकाल पालकांच्या बाजूने लागला. पण सवलत मिळाली ती आठवीच्या पुढच्या एक-दोन वर्षांपुरती. वाचन, लेखन, गणित हे पायाभूत शिक्षण अमिशांनाही मान्यच होतं. त्यासाठी त्यांच्या स्वतःच्या एकखोली शाळा आजही चालतात. हायस्कूलच्या वयात मुलं शेती आणि घरकाम शिकतात, हेही कोर्टाने जमेस धरलं.

शिवाय ही वाट सगळ्यांना खुली नाही. सुमारे तीनशे वर्षांची सलग धार्मिक जीवनपद्धती कोर्टाने पाहिली. निव्वळ वैयक्तिक किंवा तात्त्विक मत पुरणार नाही, हे निकालातच स्पष्ट आहे.

मला खरा अडचणीचा मुद्दा न्यायमूर्ती डग्लस यांचा वाटतो. त्यांनी अंशतः असहमती नोंदवत विचारलं, की मुलांना स्वतःला काय हवंय? बहुमताने तो प्रश्न बाजूला ठेवला.