कम्युनिटी पँट्री (फिलिपिन्स)

रस्त्याच्या कडेला एक टेबल नाहीतर गाडा लावायचा, ज्याच्याकडे असेल त्याने त्यावर आणून ठेवायचं आणि ज्याला लागेल त्याने कुणाला न विचारता घेऊन जायचं, एवढीच ही पद्धत. कोविडमध्ये एप्रिल २०२१ ला फिलिपिन्समध्ये ती सुरू झाली आणि आठवड्याभरात देशभर अशा शेकडो पँट्र्या उभ्या राहिल्या.

पहिली लागली १४ एप्रिलला, मनिलाला लागून असलेल्या केझॉन सिटीत मागिनहावा स्ट्रीटवर. हा रस्ता एरवी खाण्यापिण्याच्या जागांसाठी फेमस. अ‍ॅना पॅट्रिशिया नॉन या २६ वर्षांच्या मुलीने बांबूचा एक छोटा गाडा लावला, त्यावर तांदळाच्या पुड्या, भाज्या, डबाबंद मासे, व्हिटॅमिनच्या गोळ्या, मास्क असं काय काय ठेवलं आणि वर पुठ्ठ्यावर तिथल्या टॅगालोग भाषेत लिहून लावलं, 'मागबिगाय आयॉन सा काकायाहान, कुमुहा बाताय सा पांगांगाइलांगान', म्हणजे ऐपतीप्रमाणे द्या, गरजेपुरतं घ्या. आधार कार्डासारखं काही दाखवायचं नाही, फॉर्म नाही, फोटो काढून घ्यायचा नाही. माझ्या मते सगळी ताकद इथेच आहे, कारण मदत घेणाऱ्याला आपण हात पसरतोय असं वाटायलाच नको.

वेळ कठीण होती. मार्च २०२० पासून लुझॉन बेटावर लॉकडाऊन, नंतर थोडं सुटलं, परत २९ मार्च २०२१ पासून मनिला आणि आजूबाजूच्या प्रांतांत कडक बंद. जीपनी म्हणजे तिथल्या जीपसारख्या प्रवासी गाड्या चालवणारे, फुटपाथवर विकणारे, बांधकामावरचे मजूर, या सगळ्यांचं पोट रोजच्या कमाईवर आणि सरकारी मदत, तिला तिकडे आयुदा म्हणतात, ती पुरत नव्हती.

मग लोकांनी काय केलं बघा. तारलाक प्रांतातल्या पानिकीच्या शेतकऱ्यांनी रताळी पाठवली, स्वतःचंच कसंबसं भागतंय अशा माणसांनी. मच्छीमारांनी मासे दिले. कुणी दोन अंडी ठेवून चार बटाटे नेले.

या वृत्तीला फिलिपिनो लोक बायानिहान म्हणतात. जुन्या काळी एखाद्या कुटुंबाला घर हलवायचं असलं की गावातले लोक बांबू आणि झावळ्यांचं ते अख्खं घर दांड्यांवर घेऊन खांद्यावरून दुसरीकडे नेऊन ठेवायचे आणि घरमालक त्यांना जेवू घालायचा. आपल्याकडच्या इर्जिकीची आठवण येते, एकाच्या शेतावर सगळ्यांनी आपापले बैल घेऊन राबायचं आणि संध्याकाळी त्याच्याकडेच जेवायचं. सरकारनेही हा शब्द उचलला, २४ मार्च २०२० ला राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना कोविडसाठी खास अधिकार देणाऱ्या कायद्याच्या नावातच बायानिहान आहे.

पण पँट्रीला त्रासही झाला. पोलिसांच्या फेसबुक पेजवरून या उपक्रमामागे कम्युनिस्ट असल्याचं सुचवणारी पोस्ट शेअर झाली. तिथे याला रेड-टॅगिंग म्हणतात आणि असा शिक्का बसलेल्या माणसांचे खून झालेले आहेत, त्यामुळे घाबरणं साहजिकच होतं. सरकारच्या कम्युनिस्टविरोधी टास्क फोर्सचे प्रवक्ते जनरल पार्लादे यांनी तर या मदतीची तुलना बायबलच्या गोष्टीत सैतानाने ईव्हला भुलवायला दिलेल्या सफरचंदाशी केली. २० एप्रिलला नॉनने पँट्री बंद ठेवली, महापौर जॉय बेलमाँटे पाठीशी उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी ती परत सुरू झाली. २३ एप्रिलला मात्र वाईट घडलं. अभिनेत्री एंजेल लॉक्सिन यांनी वाढदिवसानिमित्त लावलेल्या पँट्रीला प्रचंड गर्दी झाली आणि रांगेतले एक म्हातारे गृहस्थ कोसळून वारले. लॉक्सिन यांनी माफी मागितली, पण उन्हात ताटकळणाऱ्या त्या रांगेत किती लोकांची उपासमार चालली होती हे सगळ्यांना दिसलं.

फिलिपिनो लोक रेझिलियंट आहेत, वादळं येतात आणि ते हसत उभे राहतात, असं कौतुक नेहमी होतं. वर्षाला साधारण २० वादळं या देशाच्या टापूत येतात, त्यामुळे ते खोटं नाही. पण महामारीत तिथल्याच अनेकांनी या कौतुकाला विरोध केला, कारण लोक निभावून नेतात म्हटलं की सरकारने काय करायला हवं होतं हा प्रश्न मागे पडतो. नॉननेही पँट्री हा भुकेवरचा कायमचा उपाय नाही हेच सांगितलं, आज घरात शिजवायला काही नाही त्याच्यासाठी ती होती.