सी-आर्म नसेल तर नेल बसत नाही?

सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना पडद्यावर एक्स-रे दाखवणारं यंत्र, नसेल तर मांडीच्या हाडात लॉकिंग नेल (मोडलेलं हाड आतून धरणारी, दोन्ही टोकांना स्क्रूने अडकवलेली सळई) बसवताच येत नाही, हा समज जुना आणि चुकीचा. अडचण खरी आहे, पण ती खालच्या स्क्रूची: सळई हाडात शिरताना किंचित वाकते आणि स्क्रूसाठीचं तिचं भोक बाहेरून सापडत नाही. अमेरिकेतल्या ‘साइन’ संस्थेने (स्थापना १९९९) रचनाच बदलली. भरीव सळई, स्क्रूसाठी लांबट खाचा, बाहेरून नेम धरणारा दांडा. खाच सापडली का, हे सर्जनच्या हाताला कळतं. रीमिंग, म्हणजे सळईसाठी हाडाची पोकळी आतून रुंद करणं, तेही हातानेच. याला ‘गरिबांसाठीचा स्वस्त माल’ म्हणणं मला पटत नाही. आधी-नंतरचा साधा एक्स-रे मात्र लागतोच.