सोसायटीचे हिशेब आणि सभासदाचा हक्क: पार्श्वभूमी

सोसायटीचे कागद पाहायला मागणारा अर्ज आला की त्यात आजही बहुतेक वेळा कलम 32 लिहिलेलं असतं. हे कलम 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातलं, आणि ते इमारती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं नव्हतं. साखर कारखाना, पतसंस्था, दूध संस्था आणि गृहनिर्माण सोसायटी, सगळ्यांना एकच माप. 1963 चा मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, खास फ्लॅटखरेदीदारांसाठी आला. त्यात बिल्डरने लोकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि हिशेब द्यायचा असं आहे, पण तो सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने लेखी मागितल्यावर.

कलम 32 प्रमाणे सभासदाला कायदा, नियम, उपविधी (बायलॉज), शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभा आणि व्यवस्थापन समिती या दोन्हींची इतिवृत्तं संस्थेच्या कार्यालयात फुकट पाहता येतात. लेखी मागणी करून ठरलेली फी भरली की महिन्याभरात प्रती मिळायला हव्यात. इथवर कोणाची तक्रार नाही. घोडं अडतं ते यादीतल्या शेवटच्या बाबीवर: हिशेबाच्या पुस्तकांचा आणि दप्तराचा तेवढाच भाग, ज्यात त्या सभासदाचे संस्थेशी झालेले व्यवहार नोंदलेले आहेत.

पतसंस्थेत ही मर्यादा रास्तच आहे. शेजाऱ्याने किती कर्ज काढलं, ते आपल्याला कशाला हवं? इमारतीत मात्र व्यवहार म्हणजे काय, हाच प्रश्न. समिती म्हणते, तुमची बिलं, तुमच्या पावत्या, तुमच्या नावचं खातं पाहा. रंगाऱ्याला दिलेले पैसे हा सोसायटी आणि रंगारी यांच्यातला मामला. सभासद म्हणतो, रंगाऱ्याला दिलेले पैसे माझ्याच मेंटेनन्समधून गेले. आर्थिक पत्रकात 'दुरुस्ती व देखभाल' या नावाखाली एकच आकडा असतो. पंपवाल्याचं बिल, आलेली कोटेशन्स, रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही केलेली रोखीची पावती हे सगळं व्हाउचरच्या फाइलमध्ये. भांडण त्या फाइलचं आहे, ताळेबंदाचं नाही. समितीचा अर्थ शब्दाला धरून असेलही, पण घरांच्या बाबतीत तो ओढूनताणून लावलेला वाटतो. लेखापरीक्षक फाइल पाहतो, हे समितीचं उत्तर ठरलेलं. पण लेखापरीक्षण वर्ष संपल्यावर होतं, आणि त्याने काढलेल्या दोषांवरचा ओ फॉर्म, म्हणजे संस्थेचा दोषदुरुस्ती अहवाल, कित्येक सभासदांच्या दृष्टीसही पडत नाही.

2012 मध्ये 97 वी घटनादुरुस्ती लागू झाली. सभासदाच्या माहितीच्या हक्काला थेट घटनेत जागा मिळाली, पण तिथेही शब्द जवळपास तेच: त्या सभासदाशी होणाऱ्या नेहमीच्या व्यवहारांत ठेवलेली पुस्तकं, माहिती आणि हिशेब. पुढे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्दच केला.

त्याआधी लोक माहिती अधिकाराकडे वळले होते. 2013 मध्ये केरळमधल्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं, की सरकारी मालकी, नियंत्रण किंवा भरीव निधी नसलेली सहकारी संस्था 'सार्वजनिक प्राधिकरण' नाही, म्हणजे माहिती अधिकाराखाली थेट माहिती द्यायला बांधील नाही. समित्यांनी निकालाचा एवढाच अर्धा भाग पाठ केला. उरलेला अर्धा असा, की निबंधक, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी, मात्र सार्वजनिक प्राधिकरण आहे, आणि कायद्याने तो संस्थेकडून जी माहिती मागवू शकतो ती अर्जदाराला त्याच्याकडे मागता येते, अर्थात अपवाद वगळून. तेव्हापासून उपनिबंधक कार्यालय ही मधली खिडकी झाली.

2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कलम 154ब पासूनचं वेगळं प्रकरण कायद्यात आलं, म्हणजे मूळ कायद्यानंतर जवळजवळ सहा दशकांनी. 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतींचा संसार वेगळाच: तिथे आधी डीड ऑफ डिक्लेरेशन (इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र) आणि त्याला जोडलेले बायलॉज उघडून पाहावे लागतात.

आता मोठ्या संकुलांत व्हाउचरची फाइल सचिवाच्या कपाटात नसते, मॅनेजर पुरवणाऱ्या एजन्सीकडे असते. अर्ज केला की समिती एजन्सीकडे बोट दाखवते आणि एजन्सी समितीकडे. दप्तर सांभाळण्याची जबाबदारी उपविधींनी सचिवावर टाकली आहे, एजन्सीवर नाही. शिवाय मोबाइल ॲप दाखवलं जातं, 'सगळं पारदर्शक आहे' म्हणून. उघडून पाहिलं तर बहुधा त्यात आपलीच बिलं आणि आपल्याच पावत्या असतात.