सॉलिड स्टेट टेस्ला कॉइल

ठिणगी-फटीऐवजी (स्पार्क गॅप) मॉसफेट किंवा आयजीबीटी या ट्रान्झिस्टरांसारख्या अर्धसंवाहक स्विचांवर चालणारे, ठिणग्या काढणारे, लोखंडी गाभा नसलेले उच्च कंप्रतेचे (फ्रिक्वेन्सी) अनुस्पंदी (रेझोनंट) रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. निकोला टेस्लाने १८९१ मध्ये मांडलेल्या रचनेत कपॅसिटर ठिणगी-फटीतून प्राथमिक गुंडाळीत रिकामा होतो आणि त्याचा कानठळ्या बसवणारा कडकडाट होतो. अर्धसंवाहक आवृत्तीत फट नाही, कपॅसिटरची अवजड बँक नाही आणि निऑनच्या पाट्यांचा ट्रान्सफॉर्मरही नाही. घरगुती हौशी मंडळींत ती रूढ झाली ती यामुळेच.

दुय्यम गुंडाळी, म्हणजे जिच्या माथ्यावरून ठिणगी निघते ती, हा त्यातला सर्वांत देखणा आणि सर्वांत सोपा भाग. ७५ मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर ३६ गेजची इनॅमल तार एकावर एक न चढवता २५ सेंटिमीटर उंचीपर्यंत गुंडाळली, की हजाराच्या आसपास वेढे होतात. तार लागते अंदाजे २५० मीटर. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ती वजनावर मिळते आणि एवढ्या तारेचे वजन जेमतेम ७० ग्रॅम भरते. माथ्यावर ॲल्युमिनियमचे कडे बसवले की अनुस्पंदन कंप्रता ३०० किलोहर्ट्झच्या थोडी वर येते. प्राथमिक गुंडाळीला जाड तारेचे ६ ते १० वेढे पुरतात. दुय्यमचे खालचे टोक अर्थिंगला जोडावे लागते. घराच्या वायरिंगमधल्या अर्थपेक्षा जमिनीत ठोकलेली वेगळी सळई बरी.

खरी कसोटी स्विचिंगची. २३० व्होल्टचा एसी पुरवठा एकदिश करून (रेक्टिफाय) कपॅसिटरने गाळला, की सुमारे ३२५ व्होल्ट डीसी मिळतो. अर्धसेतूतले (हाफ ब्रिज) दोन मॉसफेट तो आळीपाळीने प्राथमिक गुंडाळीवर टाकतात. कंप्रता मात्र बाहेरून ठरवून चालत नाही, कारण ठिणगी लांबली की तिची धारिता (कपॅसिटन्स) वाढते आणि कंप्रता खाली सरकते. म्हणून गुंडाळीजवळच्या छोट्या अँटेनातून किंवा तळाशी बसवलेल्या करंट ट्रान्सफॉर्मरमधून संकेत परत घेतात. तो ७४एचसी१४ सारख्या आयसीतून चौकोनी होतो, मॉसफेटचे गेट (त्याला चालू-बंद करणारे टोक) हाकणाऱ्या गेट ड्रायव्हरकडे जातो आणि फेराइट कड्यावरच्या रोहित्रातून दोन्ही गेटपर्यंत उलट कलेत (फेज) पोहोचतो. सोबत ५५५ टायमरचा इंटरप्टर असतो. तो कॉइलला सेकंदात अनेक वेळा, अगदी थोडा थोडा वेळ चालू ठेवतो, म्हणून मॉसफेट तापत नाहीत. याच ठोक्यांची गती बदलून ठिणगीतून सूर काढतात.

चाचणी पायरीपायरीने होते. मुख्य पुरवठा बंद ठेवून आधी ऑसिलोस्कोपवर दोन्ही गेटचे तरंग पाहायचे. दोन्ही एकाच वेळी वर असले तर पुरवठा दिल्याक्षणी मॉसफेट गेलेच. मग ३० व्होल्ट डीसी. कॉइल गप्प राहिली तर बहुधा कला उलटी असते, प्राथमिकची टोके अदलाबदल केली की जवळ धरलेली ट्यूबलाइट तार न जोडता उजळते. त्यानंतरच डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू वाढवणारे रोहित्र) आणि सिरीजमध्ये २०० वॉटचा बल्ब. मॉसफेट शॉर्ट झाले तर स्फोट होण्याऐवजी बल्ब पूर्ण पेटतो. मेनशी थेट जोडलेल्या सेतूवर स्कोपच्या प्रोबची जमीन-क्लिप लावणे म्हणजे तिथेच शॉर्ट, विलगन रोहित्र (मेनपासून वेगळे करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर) नसेल तर हात लावू नये.

उच्च कंप्रतेचा प्रवाह फक्त त्वचेवरून जातो, म्हणून निरुपद्रवी, हा समज जुना आणि चुकीचा. मज्जातंतूंना त्या कंप्रतेचा धक्का फारसा जाणवत नाही, एवढेच. ऊती मात्र भाजतात. त्याहून घातक गाळणीचे कपॅसिटर. पुरवठा काढल्यावरही त्यांत ३२५ व्होल्ट राहतात, म्हणून त्यांना समांतर रोध जोडणे अनिवार्य. पेसमेकर असलेल्यांनी जवळ येऊ नये. चालू कॉइलमुळे मध्यम लहरींवरचा रेडिओ खरखरतो.

प्राथमिकच्या मालिकेत कपॅसिटर घालून तीही गुंडाळी अनुस्पंदी केली, की दुहेरी अनुस्पंदी कॉइल होते. तिच्यात प्राथमिकचा प्रवाह शेकडो अँपिअरवर जातो, म्हणून तिथे मोठे आयजीबीटी वापरतात आणि प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो ठोका तिथेच तोडणारे मंडल बसवतात.