वर बादली ओतली की खालची नहाणी का गुडगुडते?

मावशी गिरगावातल्या एका जुन्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या न्हाणीघरात एक विचित्र प्रकार सुरू झाला. वरच्या बिऱ्हाडात कोणी बादली उपडी केली की हिच्या फरशीतली जाळी गुडगुडायची आणि थोड्याच वेळात गटाराचा वास घरभर पसरायचा. मावशीने आंघोळ केली की वास गायब! तुंबलेलं काहीच नव्हतं, पाणी झरझर जात होतं. कोणीतरी वास्तुदोष सांगून कोपऱ्यात खड्यामिठाची वाटी ठेवायला लावली. मीठ हवेतला ओलावा ओढून पाझरू लागलं. वास होता तसाच. घाबरलेल्या माणसाला असले उपाय सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण खरं उत्तर त्या जाळीच्या खालीच होतं.

जाळी उचलून बॅटरी मारली. खाली बिडाचं भांडं, म्हणजे नहाणी ट्रॅप. (हा आपला मराठी शब्द भारतीय अभियांत्रिकीच्या इंग्रजी पुस्तकांतही तसाच छापतात.) भांड्याच्या आत क्षारांची पांढरी रेघ होती, पूर्वी पाणी तिथपर्यंत असायचं. आता ते दोन इंच खाली गेलं होतं.

ट्रॅपची रचना इतकी साधी आहे की तिचं मला दर वेळी नवल वाटतं. पाणी एका पडद्याखालून जातं, पुन्हा वर चढतं आणि उंबरठा ओलांडून पाईपात पडतं. शेवटचं थोडं पाणी वाकात अडकून राहतं आणि तेच गटारातल्या वायूला अडवणारं दार बनतं. 1775 साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने संडासाच्या भांड्याला असा वाकडा पाईप जोडून पेटंट घेतलं. त्यात फिरणारा भाग नाही, स्प्रिंग नाही. दार पाण्याचं, आणि ते दर आंघोळीला नवं होतं.

पण हे दार नाजूक आहे. पडद्याच्या कडेपासून उंबरठ्यापर्यंत पाण्याची उंची साधारण 50 मिलिमीटर. आपल्याभोवतीची हवा सुमारे 10 मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलून धरते. म्हणजे पाईपातला दाब दोनशेव्या हिश्शाने, अर्ध्या टक्क्याने, कमी झाला तरी खोलीतली हवा पाण्याला ढकलत पडद्याच्या कडेपर्यंत नेते आणि बुडबुडे काढत पलीकडे घुसते. तेच ते गुडगुडणं! प्रत्येक बुडबुडा जाताना थोडं पाणी उंबरठ्यापलीकडे ओढून नेतो. उलट दिशेने, पाईपातला दाब वाढून वायू खोलीत यायला मात्र जवळपास दुप्पट जोर लागतो. शोषताना पाईपाकडचं पाणी उंबरठ्यापाशीच सांडतं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या पातळ्यांत 50 मिलिमीटरचाच फरक पडू शकतो. ढकलताना खोलीकडची बाजू वर चढायला मोकळी असते आणि फरक 100 पर्यंत जातो.

दाब कमी कशाने होतो? उभ्या पाईपात पाणी दट्ट्यासारखं भरून पडत नाही. ते भिंतीला चिकटून कड्यासारखं उतरतं, मधे हवेचा गाभा असतो आणि त्या हवेलाही ते सोबत खेचतं. (उंच इमारतीत पाण्याचा वेग वाढतच जातो, हा समज चुकीचा आहे. भिंतीच्या घर्षणामुळे काही मीटरांतच तो स्थिर होतो.) खेचलेल्या हवेची जागा भरायला वरून हवा आली नाही, तर पाईप ती मिळेल तिथून, म्हणजे मावशीच्या ट्रॅपमधून, ओढतो.

म्हणूनच जुन्या इमारतींच्या मागच्या भिंतीवर पाईपांचं जंजाळ दिसतं: संडासाचा जाड पाईप, न्हाणीघराचा वेगळा, आणि शेजारून गच्चीपर्यंत गेलेला एक बारीक पाईप. त्यात पाणी कधीच जात नाही, म्हणून तो निरुपयोगी वाटतो. ती हवेची वाट आहे. मावशीच्या इमारतीत पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, तेव्हा न्हाणीघराच्या पाईपाचं तोंड आणि हा बारीक पाईप दोन्ही छाटून वर सिमेंट थापलं होतं.

कोरडा ट्रॅप म्हणजे नुसती दुर्गंधी नव्हे. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत 300 हून अधिक रहिवाशांना सार्स हा श्वसनाचा संसर्गजन्य आजार झाला. तपासात फरशीतल्या कोरड्या ट्रॅपांकडे बोट दाखवलं गेलं. लोक फरशी पाण्याने न धुता पुसून घेत, त्यामुळे ट्रॅपमध्ये पाणीच उरत नसे, आणि एक्झॉस्ट पंखे सांडपाण्याच्या पाईपातले तुषार घरात ओढत.

गच्चीवरचं सिमेंट फोडलं, दोन्ही पाईप वाढवून तोंडाला जाळीच्या टोप्या बसवल्या. मग वरच्या काकूंना बादली ओतायला सांगून मी बॅटरी घेऊन ट्रॅपपाशी बसलो. पाणी किंचित खाली गेलं, थरथरलं आणि पुन्हा जवळजवळ रेघेपाशी आलं. पाहुण्यांसाठीच्या बंद न्हाणीघरात मात्र मावशी आता आठवड्याला तांब्याभर पाणी ओतते. गावाला जाताना त्यावर चमचाभर गोडं तेल टाकते, म्हणजे पाणी लवकर उडून जात नाही.